धंद्याचा डेटा कुठं ठेवायचा, किती वर्षं ठेवायचा आणि कधी उडवायचा: नागपूरकर धंदेवाल्यांचे नेहमीचे प्रश्न

इतवारीतला ठोक कापडवाला असो, कळमन्यातला अडत्या असो की हिंगणा एमआयडीसीतलं छोटं युनिट, डेटाचे प्रश्न फिरून फिरून तेच येऊन राहिले. म्हणून एकदाच सगळे बसून लिहून काढले. वरून खाली वाचायची गरज नाही, आपला प्रश्न शोधा आणि तेवढाच वाचा.

हार्डडिस्क भरली भाऊ, मोठी घेऊन टाकू का?

घ्या, पण आधी आत काय भरलंय ते पाहून घ्या. बहुतेक ऑफिसांत निम्म्याहून जास्त जागा खाणाऱ्या गोष्टी त्याच असतात, एकाच फाईलच्या पाच-सहा कॉप्या (फायनल, फायनल २, फायनल नवीन, सरांनी सांगितलेली), सीसीटीव्हीचं जुनं रेकॉर्डिंग, कुणाच्या तरी लग्नाचे फोटो, आणि टॅलीचे (हिशोबाच्या सॉफ्टवेअरचे) रोजचे बॅकअप जे कोणी कधी उडवलेच नाहीत. मोठी डिस्क आणली की हा सगळा पसारा तिकडं जातो, आणि दोन वर्षांनी पुन्हा तोच फोन, भाऊ डिस्क भरली. माझं म्हणणं एकच, फाईल बनते त्याच दिवशी ती कोणाची आणि कधीपर्यंत ठेवायची हे ठरलं पाहिजे. नंतर बसून साफसफाई करू म्हणणारे खूप पाहिले, करणारा क्वचितच.

डेटा लाईफसायकल म्हणतात ते नेमकं काय?

फार काही नाही. बिल बनतं, मग काही महिने रोज उघडावं लागतं, पार्टीला पाठवतो, सीएला देतो, रिटर्न भरलं की ते कोणी पाहत नाही पण कायद्यानं ठेवावं लागतं, आणि मुदत संपली की काढून टाकायचं. बनणं, वापर, शेअरिंग, अर्काईव्ह, नष्ट करणं, एवढंच. गोची अशी की आपल्याकडं पहिल्या दोन टप्प्यांकडं सगळ्यांचं लक्ष आणि शेवटच्या दोनांचा कोणी वालीच नाही. कंपनी मोठी असेल तर यासाठी सॉफ्टवेअर येतात, दहा-पंधरा माणसांच्या ऑफिसला एक शीट पुरते, त्याबद्दल खाली येतोच.

कोणतं रेकॉर्ड किती वर्षं ठेवायचं ते सरळ सांगा.

जीएसटीचं आधी. सीजीएसटी कायद्याचं कलम ३६ म्हणतं की त्या वर्षाच्या वार्षिक रिटर्नची ड्यू डेट असते तिथून ७२ महिने. लोक इथंच गडबड करतात, बिलाच्या तारखेपासून सहा वर्षं मोजतात. २०२३-२४ चं उदाहरण घ्या, वार्षिक रिटर्नची ड्यू डेट ३१ डिसेंबर २०२४ होती, म्हणजे त्या वर्षाची बिलं ३१ डिसेंबर २०३० पर्यंत हात लावायचा नाही. एप्रिल २०२३ चं बिल असेल तर हे जवळपास पावणेआठ वर्षं झालं, सहा नाही.

प्रायव्हेट लिमिटेड असाल तर कंपनी कायदा २०१३ चं कलम १२८ आहे, हिशोबाची पुस्तकं आणि त्यांची व्हाउचरं मागची ८ आर्थिक वर्षं. आणि कंपन्यांना अजून दोन गोष्टी ज्या बऱ्याच जणांना ऑडिटर ओरडल्यावरच कळतात. १ एप्रिल २०२३ पासून अकाउंटिंग सॉफ्टवेअरमध्ये ऑडिट ट्रेल पाहिजे, म्हणजे कोणी कधी कोणती एन्ट्री बदलली त्याची नोंद, आणि ती बंद करता येता कामा नये. दुसरी, पुस्तकं कॉम्प्युटरवर असतील तर त्यांचा बॅकअप रोज भारतातल्या सर्व्हरवर गेला पाहिजे. शनिवारी एकदा पेन ड्राईव्हवर घेतो, हे कंपनीला चालत नाही.

इन्कम टॅक्सचं तुमच्या सीएला विचारून शीटमध्ये लिहून घ्या, तिथं नियम अलीकडं बरेच बदलले आहेत आणि प्रोप्रायटर, फर्म, कंपनी प्रत्येकाचं वेगळं बसतं. जागेची कागदपत्रं, पार्टनरशिप डीड, लायसन्स, ट्रेडमार्क हे कायमचे. कोटेशन जी फिसकटली, रेटलिस्टच्या जुन्या कॉप्या, इंटरव्ह्यूला आलेल्यांचे बायोडेटा, यांना एक-दोन वर्षं खूप झाली.

जीएसटी पोर्टलवर सगळं आहेच की, आपण कायले ठेवायचं?

कारण पोर्टल तुमचं गोडाऊन नाही. पोर्टलच्या डेटा पॉलिसीप्रमाणे रिटर्नचा डेटा ७ वर्षंच पाहायला मिळतो. २०२४ मध्ये जुलै २०१७ चे रिटर्न खरंच दिसेनासे झाले, मग ऑगस्टचे, लोकांनी आरडाओरड केली तेव्हा ते परत आणले. दर वेळी परत आणतीलच असं धरून चालू नका. रिटर्न भरलं की त्याच दिवशी पीडीएफ आणि जेसन (पोर्टलची कॉम्प्युटरनं वाचायची डेटा फाईल) दोन्ही उतरवून त्या वर्षाच्या फोल्डरला टाका, दोन मिनिटांचं काम आहे. ई-वे बिल आणि ई-इन्व्हॉइसचंही तसंच, सही झालेली फाईल आपल्याकडं पाहिजे, नुसता आयआरएन (ई-इन्व्हॉइसला मिळणारा नोंदणी नंबर) लिहून ठेवून पुढं काही हाती लागत नाही.

टॅलीचा बॅकअप रोज त्याच कॉम्प्युटरच्या डी ड्राईव्हवर घेतो. पुरे ना?

नाही. डी ड्राईव्ह म्हणजे बहुतेक वेळा त्याच डिस्कचा दुसरा भाग, डिस्क गेली की दोन्ही गेले. जुना आणि अजूनही चालणारा नियम ३-२-१ चा आहे, डेटाच्या तीन कॉप्या, दोन वेगळ्या प्रकारच्या मीडियावर, आणि एक कॉपी जागेच्या बाहेर. म्हणजे कॉम्प्युटरवर चालू डेटा, ऑफिसमधल्या बाहेरच्या डिस्कवर दुसरी, क्लाउडवर तिसरी.

आणि रिस्टोअर करून पाहा हो. तीन महिन्यांतून एकदा तरी बॅकअप दुसऱ्या मशीनवर उघडून मागच्या वर्षीचं एखादं लेजर निघतं का, मार्चचा ट्रायल बॅलन्स जुळतो का ते पाहा. बॅकअप सक्सेसफुल असा मेसेज येतो आणि आत भलत्याच कंपनीचा डेटा असतो, कारण वर्ष बदललं तेव्हा नवीन कंपनी काढली आणि बॅकअपची सेटिंग जुन्याच फोल्डरला बघून राहिली. हे इतकं कॉमन आहे की मी एप्रिल महिन्यात गेलो की आधी तेच तपासतो.

गूगल ड्राईव्हमध्ये फोल्डर सिंक आहे, तो बॅकअपच झाला ना?

सिंक आणि बॅकअप वेगळे. सिंकमध्ये तुम्ही इकडं डिलीट केलं की तिकडंही डिलीट, इकडं फाईल खराब झाली की तिकडंही तीच खराब फाईल. गूगल ड्राईव्हच्या ट्रॅशमध्ये गेलेलं ३० दिवसांनी आपोआप साफ होतं, आणि हिशोबाची एखादी फाईल उडाली हे आपल्याला कळतं रिटर्नच्या वेळी. वापरा, शेअरिंगला मस्त आहे, फक्त त्याला बॅकअप म्हणून त्याच्या भरवशावर राहू नका.

एनएएसला रेड लावून दिलंय व्हेंडरनं, तो म्हणतो टेन्शन नाही.

एनएएस म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कवर सगळ्यांसाठी लावलेला डिस्कांचा डबा, आणि रेड म्हणजे त्यातल्या एकाहून जास्त डिस्कांवर डेटा असा ठेवणं की एक गेली तरी चालतं. रेड म्हणजे गाडीतली स्टेपनी. पंक्चर झालं तर गाडी चालू राहते, गाडीच चोरीला गेली तर स्टेपनीही गेली. एक डिस्क मेली तर काम थांबत नाही एवढाच त्याचा उपयोग. व्हेंडरला विचारा, डिस्क फेल झाली की मेसेज कोणाच्या मोबाईलवर येतो? बऱ्याच ठिकाणी उत्तर असतं, लाल लाईट लागते ना. ती लाईट कपाटाच्या मागं असते.

नागपूरच्या उन्हानं खरंच फरक पडतो का, की उगाच भीती?

पडतो. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, पत्र्याच्या शेडमध्ये किंवा वरच्या माळ्यावर बंद कपाटात त्याहून जास्त, आणि आत मशीन चालू असेल तर स्वतःची गरमी वेगळी. हार्डडिस्कला साधारण ६० अंशांपर्यंत चालायची मुभा कंपनी देते पण ती डिस्कची स्वतःची, खोलीची नाही. खोली ४५ ला असली की डिस्कला फार अंतर उरत नाही.

पण माझ्या मते उन्हापेक्षा जास्त नुकसान कूलर करतो. एसी फक्त साहेबांच्या केबिनला आणि बाहेर अकाउंट सेक्शनला वाळ्याच्या ताट्यांचा मोठा कूलर, आणि सर्व्हर बरोब्बर त्याच्या झोतात, का तर थंड राहावा. थंड राहतो पण ओली हवा खातो. एका ठिकाणी असा सीपीयू उघडला तर फॅनच्या पात्यांवर पांढरा क्षार, त्यावर धूळ चिकटून कडक पापडी झालेली, रॅमच्या स्लॉटशेजारी हिरवा गंज. कूलर माणसांसाठी ठेवा, सर्व्हरला छोटी खोली आणि एक साधा एसी, नाही जमत तर निदान झोतापासून बाजूला आणि जमिनीपासून वर.

अजून एक, एसएसडीमध्ये जुना डेटा भरून ती ड्रॉवरमध्ये टाकून द्यायची सवय. एसएसडी करंटशिवाय वर्षानुवर्षं डेटा धरून ठेवायला बनलेली नाही. जेडेक या चिप उद्योगाच्या मानक ठरवणाऱ्या संस्थेचं मानक साध्या एसएसडीला, तिची लिहायची क्षमता वापरून झाल्यावर, ३० अंशांत बंद पडून राहिली तर एक वर्ष एवढीच अपेक्षा धरतं, आणि गरमी वाढली की मुदत घटते. नवी असेल तर जास्त टिकेल, पण आपल्या उन्हाळ्यात गोडाऊनमध्ये चार वर्षं टाकून ठेवण्याची वस्तू ती नाही. जुन्या डेटाला साधी फिरती हार्डडिस्क बरी, तीही वर्षातून एकदा लावून वाचून पाहायची.

पुराचं काय? आमचं ऑफिस तळमजल्यावर आहे.

२३ सप्टेंबर २०२३ आठवतो ना? पहाटे ढगफुटीसारखा पाऊस, अंबाझरी ओव्हरफ्लो, नाग नदी रस्त्यावर आली आणि धरमपेठ-सीताबर्डीकडच्या तळमजल्यांत, बेसमेंटांत पाणी शिरलं. पहाटेची वेळ, उचलून वर ठेवायला कोणी हजरच नव्हतं. म्हणून ऑफिसातल्या ऑफिसात दहा कॉप्या असल्या तरी ती एकच कॉपी समजा. बाहेरची कॉपी त्याच नाल्याच्या काठी नको, दुकान बर्डीला आणि घर शंकरनगरला असेल तर घरी नेलेली डिस्क फार लांब गेली असं नाही. क्लाउड घ्या, किंवा वर्ध्याला भावाकडं ठेवा, ते चालतं. फक्त डिस्कला एन्क्रिप्शन लावा, म्हणजे किल्लीशिवाय आतलं कोणाला वाचता येत नाही, विंडोज प्रो मध्ये त्यासाठी बिटलॉकर येतोच, आणि त्याची रिकव्हरी की (जादा किल्ली) त्याच डिस्कवर सेव्ह करू नका.

रॅन्समवेअर आलं तर बॅकअप आहे ना, मग काय घाबरायचं?

रॅन्समवेअर म्हणजे फाईली लॉक करून सोडवायचे पैसे मागणारा व्हायरस. बॅकअपची डिस्क कायम लावलेली असेल तर तीही लॉक होते. हे व्हायरस आधी बॅकअपच शोधतात. म्हणून एक कॉपी अशी पाहिजे जी काढून ठेवलेली आहे किंवा क्लाउडवर अशा लॉकमध्ये आहे की ठरलेल्या मुदतीपर्यंत ती तुम्हालाही डिलीट करता येत नाही, याला इम्युटेबल बॅकअप म्हणतात, सेटिंग बहुतेक मोठ्या क्लाउडवर मिळते. आणि झालंच तर लपवू नका, सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे अशी घटना कळल्यापासून ६ तासांत त्यांना कळवायची असते, आणि सिस्टीमचे लॉग (मशीनवर काय काय झालं त्याच्या नोंदी) १८० दिवसांचे ठेवायचे असतात. घरच्या राउटरसारखा राउटर लावला असेल तर लॉग दोन दिवसही राहत नाहीत, तेवढं तपासा.

जुना डेटा स्वस्तात कुठं ठेवावा?

रोजचा डेटा महाग आणि फास्ट जागेवर, वर्षातून एकदा लागणारा स्वस्त आणि स्लो जागेवर, एवढं साधं गणित. क्लाउडवर त्याला कोल्ड किंवा अर्काईव्ह टियर म्हणतात. ठेवणं खूप स्वस्त पण काढणं वेळखाऊ, ॲमेझॉनच्या ग्लेशियर डीप अर्काईव्हमधून फाईल परत यायला १२ तासांपर्यंत आणि बल्कमध्ये मागितली तर ४८ तासांपर्यंत लागतात, आणि १८० दिवसांच्या आत डिलीट केली तरी १८० दिवसांचे पैसे कापतात. म्हणजे चालू वर्षाचा डेटा तिथं टाकायचा नाही, ऑफिसर समोर बसलाय आणि तुम्ही म्हणता साहेब उद्या येतो, असं नको. काढायचा चार्जही आधी वाचा, लोक ठेवायचा रेट पाहून खुश होतात. मुंबई किंवा हैदराबाद रिजन निवडा, डेटा भारतातच राहतो. टेप (डेटा साठवायची चुंबकीय फीत) हा प्रकार छोट्या ऑफिसला नकोच, ड्राईव्हचीच किंमत झेपत नाही.

टॅलीवाल्यांना एक सांगतो, दहा वर्षं एकाच कंपनीत चालवत असाल तर डेटा स्प्लिट करून जुनी वर्षं वेगळी काढा. आणि जुनं सॉफ्टवेअरसुद्धा सांभाळा, ज्या व्हर्जनमध्ये फाईल बनली ते उघडायला नसेल तर फाईल असून नसल्यासारखी. दर वर्षी बंद करताना लेजर, ट्रायल बॅलन्स, स्टॉक समरी यांची पीडीएफ काढून त्याच फोल्डरला ठेवा. पीडीएफ काय, कुठंही उघडते.

ऑर्डरी सगळ्या व्हॉट्सॲपवर येतात. त्याचं काय करावं?

पार्टीनं माल परत पाठवला की पहिला सवाल हाच, तुम्ही तर मेसेजवर हो म्हणाले होते. तो मेसेज असतो सेल्समनच्या पर्सनल नंबरवर आणि सेल्समन दिवाळीनंतर दुसरीकडं गेलेला. ऑर्डर घेणारा नंबर दुकानाचा पाहिजे, सिम फर्मच्या नावावर. रेट आणि क्वांटिटी पक्की झाली की तो चॅट एक्स्पोर्ट करून किंवा निदान मेल करून त्या पार्टीच्या फोल्डरला. अँड्रॉइडवर व्हॉट्सॲपचा बॅकअप आता गूगलच्या १५ जीबीतच मोजतात, त्यामुळं फोटोंनी जागा भरली की बॅकअप गुपचूप थांबतो.

स्टाफ सोडून गेला की त्याचं अकाउंट लगेच उडवू का?

लगेच पासवर्ड बदला, लगेच डिलीट करू नका. आधी त्याच्या मेल आणि ड्राईव्हची मालकी दुसऱ्याच्या नावावर करा. गूगल वर्कस्पेसमध्ये डिलीट केलेला युजर २० दिवसांपर्यंतच परत आणता येतो, मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये ३० दिवस. त्यानंतर कितीही फोन लावा.

ग्राहकांचे नंबर, आधारच्या झेरॉक्स ठेवतो, नव्या कायद्यात अडकू का?

नवा कायदा म्हणजे लोकांच्या खासगी डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा डीपीडीपी कायदा, तो २०२३ चा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि मोठ्या जबाबदाऱ्या लागू व्हायला तिथून १८ महिने दिलेत. मुद्द्याची गोष्ट अशी की ज्या कामासाठी माहिती घेतली ते काम संपलं आणि दुसरा कायदा ठेवा म्हणत नसेल तर ती काढून टाकायची. सुरक्षेत हयगय झाली तर दंड २५० कोटींपर्यंत जाऊ शकतो, अर्थात हा वरचा आकडा आहे, किराणा दुकानाला तेवढा लागेल असं कोणी म्हणत नाही. पण आधारची झेरॉक्स मुळात घेताच कशाला? सवय म्हणून घेतो, आणि मग ती रद्दीत जाते आणि तिच्यात कोणीतरी समोसे बांधून देतो. जे घेतलंच नाही ते सांभाळावं लागत नाही.

नोटीस आली आहे, पण त्या वर्षाची मुदत संपून राहिली. उडवू का?

हात लावू नका. अपील किंवा चौकशी चालू असेल तर जीएसटीत निकाल लागल्यापासून एक वर्ष किंवा नेहमीची मुदत, जे नंतर येईल ते. त्या फोल्डरच्या नावातच थांबा असं लिहा, म्हणजे साफसफाई करणारा नवा पोरगा चुकणार नाही. कोर्टात इलेक्ट्रॉनिक रेकॉर्ड द्यायचं झालं तर १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं सर्टिफिकेट लागतं आणि त्यात फाईलची हॅश व्हॅल्यू (आतल्या मजकुरावरून निघणारा, बोटाच्या ठशासारखा कोड) द्यावी लागते, म्हणून ओरिजिनल फाईल उघडून पुन्हा सेव्ह करणं, नाव सोडून आत काही बदलणं, हे टाळा.

बिलं स्कॅन करून कागद रद्दीत देऊ का?

खरेदीची बिलं स्कॅन कराच, त्यातली थर्मल पेपरची तर आजच, कारण आपल्या उन्हात ती एका उन्हाळ्यात कोरी होतात. जीएसटीत इलेक्ट्रॉनिक रेकॉर्ड चालतं, डिजिटल सही पाहिजे आणि व्यवस्थित बॅकअप पाहिजे. तरी कागद रद्दीत द्यायच्या आधी सीएला विचारा, आणि स्टॅम्प पेपरवरचे करार, विक्रीखत वगैरे ओरिजिनल कधीच नाही. स्कॅनच्या फाईलचं नाव तारखेनं सुरू करा, वर्ष आधी, मग महिना, मग दिवस, मग पार्टी, मग बिल नंबर: २०२४-०८-१७_खरेदी_पार्टी_४५२. असं केलं की आपोआप ओळीनं लागतात. दिवस आधी लिहिला तर सगळ्या वर्षांच्या १७ तारखा एका जागी येतात आणि तुम्ही शोधत बसता.

जुने कॉम्प्युटर भंगारवाल्याला दिले, फॉरमॅट करून. ठीक आहे ना?

साध्या क्विक फॉरमॅटनं डेटा जात नाही, फक्त यादी पुसली जाते, फुकटच्या सॉफ्टवेअरनंही बऱ्याच फाईली परत येतात. फिरत्या हार्डडिस्कवर पूर्ण ओव्हरराईट एकदा केलं तरी पुरतं, सात वेळा करायची गरज नाही. एसएसडीला ओव्हरराईटचा भरवसा नाही कारण ती आतल्या आत जागा बदलत राहते, तिला कंपनीच्या टूलमधून सिक्युअर इरेज द्यायचं. पहिल्या दिवसापासून एन्क्रिप्शन असेल तर काम अजून सोपं, त्याची किल्ली उडवली की आतलं वाचता येत नाही. डिस्क चालूच होत नसेल तर ड्रिल मशीननं प्लेटमधून आरपार भोकं पाडा, वेल्डिंगच्या दुकानात पाच मिनिटांत होतं, एसएसडीत मात्र प्रत्येक चिप फुटली पाहिजे. आणि प्रिंटर-झेरॉक्स मशीन विसरू नका, मोठ्या मशीनमध्येही डिस्क असते. उरलेला सांगाडा रजिस्टर्ड ई-वेस्ट रिसायकलरला द्या, पावती आणि सिरीयल नंबरांची यादी घेऊन.

बरं, सुरुवात कुठून करू?

ती शीट. पाच रकाने: रेकॉर्डचं नाव, कुठं आहे, कोण बघतो, कधीपर्यंत, मग काय करायचं. पहिल्या दिवशी फक्त विक्री बिलं, खरेदी बिलं, जीएसटी रिटर्न, बँक स्टेटमेंट आणि पगार एवढ्याच ओळी भरा. कोण बघतो या रकान्यात माणसाचं नाव लिहा, अकाउंट सेक्शन असं लिहिलं की कोणीच बघत नाही. बाकीच्या ओळी दर महिन्याला दोन-चार वाढवा, आणि कधीपर्यंतच्या रकान्यातल्या तारखा सीएला एकदा नजरेखालून घालायला सांगा, शक्यतो सप्टेंबर-ऑक्टोबर सोडून, तेव्हा ते फोनही उचलत नाहीत.